उद्याही तीच ताई: बालशिक्षणातील नोकरीची वाट आणि जमाखर्चाची वही

मी सहायक शिक्षिका म्हणून काम सुरू केल्याच्या तिसऱ्या वर्षी, सत्र अर्धे झालेले असताना, आमच्या वर्गाच्या मुख्य शिक्षिकेने राजीनामा दिला. त्या वर्गात साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. सकाळी आईचा हात सुटला की तो थेट या ताईंजवळच्या छोट्या खुर्चीत जाऊन बसे आणि पाच-दहा मिनिटांनी आपणहून उठून खेळायला लागे. ताई गेल्यानंतर सुमारे दोन आठवडे तो रोज त्या खुर्चीशेजारी उभा राहिला. तो रडला नाही, त्याने हट्ट केला नाही. दाराकडे पाहत तो नुसता उभा राहत असे. मी त्याला गोष्टी सांगितल्या, ठोकळे दिले, बाहेर झाडाखाली नेले. परंतु त्याला जे हवे होते ते माझ्या हातात नव्हते.

ताईंना मुलांचा कंटाळा आला होता म्हणून त्या गेल्या नव्हत्या. नऊ वर्षांच्या नोकरीनंतरही त्यांचे वेतन जवळजवळ सुरुवातीच्याच पातळीवर होते, आणि त्यांच्या वर केंद्रप्रमुखाची एकच खुर्ची होती, जी लवकर रिकामी होण्याची चिन्हे नव्हती. त्यांनी वेतनवाढ मागितली होती. संस्थेने परवडत नाही असे सांगितले, आणि सांगणाऱ्यांचा त्यावर प्रामाणिक विश्वास होता.

पुढे काही वर्षांनी मी त्याच संस्थेची केंद्रप्रमुख झाले आणि जुन्या वह्या माझ्या टेबलावर आल्या. त्या वर्षी नवी शिक्षिका मिळेपर्यंत बदली शिक्षिकांना दिलेले पैसे, जाहिरातीचा खर्च, नव्या व्यक्तीच्या प्रशिक्षणाचा खर्च आणि त्या काळात वर्गातून काढून नेलेल्या दोन मुलांचे बुडालेले शुल्क मी एका कागदावर मांडले. ताईंनी मागितलेल्या वाढीची वर्षभराची रक्कम त्या बेरजेपेक्षा कमी होती. हे दोन्ही आकडे त्याच कपाटात होते. फक्त कोणी ते शेजारी शेजारी ठेवले नव्हते. लहान मुलाला उद्याही तीच ताई दिसायला हवी, आणि ती दिसेल की नाही हे बहुतेक वेळा वर्गाबाहेर, वेतनपत्रकात ठरत असते, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. या क्षेत्रातील नोकरीच्या वाटांविषयी आणि व्यवहारज्ञानाविषयी मला जे सांगायचे आहे ते सगळे या एका गोष्टीतून निघते.

बाळाच्या आयुष्यात ओळखीची व्यक्ती टिकून राहण्याला किती महत्त्व आहे, हे सर्वांत काटेकोरपणे अमलात आणले ते एमी पिक्लर या हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ स्त्रीने. दुसऱ्या महायुद्धानंतर 1946 मध्ये बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावरील शिशुगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. अशा संस्थांत वाढणारी बाळे पोटभर दूध मिळूनही मनाने आणि शरीराने मागे पडत, असा तेव्हाचा सर्वत्र अनुभव होता. पिक्लर यांनी प्रत्येक बाळासाठी एक ठरलेली संगोपिका नेमली आणि अंघोळ, कपडे बदलणे, भरवणे या गोष्टी उरकण्याची कामे न मानता त्या बाळाशी संवाद साधण्याच्या मुख्य वेळा मानल्या. वाचताना हे सारे प्रेमाचे आणि संवेदनशीलतेचे वाटते, आणि ते तसे आहेच. पण मी केंद्रप्रमुख झाल्यानंतर याच मजकुराकडे पुन्हा पाहिले तेव्हा मला त्यात कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक दिसले. ठरलेली संगोपिका ठरलेल्या बाळाला अंघोळ घालते, याचा अर्थ त्या वेळी तिला दुसरीकडे बोलावले जात नाही, ती रजेवर असेल तेव्हा कोण येणार हे आधी ठरलेले आहे आणि बाळही त्या दुसऱ्या व्यक्तीला ओळखते. ही माया टिकते ती एका तक्त्याच्या आधारावर, आणि तो तक्ता कोणीतरी नीट आखावा लागतो.

मग प्रश्न असा की इतके महत्त्वाचे काम असूनही त्याला वेतन कमी का मिळते. समाजाला किंमत नाही, हे लहान मुलांचे आणि बायकांचे काम मानले जाते, ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु त्यांच्याखाली एक आर्थिक कारण आहे आणि ते या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला वाटते. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये रंगभूमी आणि संगीत यांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना एक साधी गोष्ट दाखवून दिली. चार वादकांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितक्या माणसांना आणि जितक्या वेळात वाजवावी लागे, तितकीच माणसे आणि तितकाच वेळ आजही लागतो. कारखान्यात यंत्रे आली आणि एका माणसाच्या हातून कितीतरी पट माल निघू लागला, म्हणून तिथली वेतने वाढली. वादकांची वेतने त्यांच्या बरोबरीने वाढवायची तर मैफलीचे तिकीट महाग होत जाणार, आणि न वाढवावीत तर वादक दुसरीकडे जाणार. आमच्या वर्गाचे अगदी असेच आहे. एका वर्षाच्या बाळाला कुशीत घेऊन शांत करायला जितका वेळ लागतो तितका लागतोच. तो निम्म्यावर आणण्याची युक्ती कोणाला सापडलेली नाही आणि सापडू नये. म्हणून बालशिक्षणाचा खर्च इतर गोष्टींच्या मानाने सतत वाढत राहणार आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा नेहमी वेतनाचाच असणार. ज्या संस्थेला हे माहीत नसते ती खर्च वाढला की प्रथम माणसांकडे पाहते, कारण कपात करण्याइतका मोठा आकडा तेवढाच दिसतो.

यात आणखी एक भेद आहे. शिक्षणाच्या पातळ्यांचे युनेस्कोने केलेले आंतरराष्ट्रीय वर्गीकरण 2011 मध्ये सुधारले गेले, तेव्हा सर्वांत खालच्या शून्य पातळीचे दोन भाग मानले गेले: तीन वर्षांखालील मुलांसाठीचे विकासात्मक शिक्षण आणि तीन वर्षांपासून प्राथमिक शाळेपर्यंतचे पूर्वप्राथमिक शिक्षण. म्हणजे कागदोपत्री दोन्ही शिक्षणच आहेत. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी पहिला भाग सांभाळ म्हणून आणि दुसरा शिक्षण म्हणून ओळखला जातो, दोन्हींची खाती वेगळी असतात, पात्रतेच्या अटी वेगळ्या असतात आणि वेतनही वेगळे असते. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या व्यक्तीने आपण यांपैकी कोणत्या बाजूला उभे आहोत हे पहिल्याच वर्षी विचारून घ्यावे. कारण एका बाजूचे प्रमाणपत्र दुसऱ्या बाजूला चालतेच असे नाही, आणि हे दहा वर्षांनी कळले तर फार उशीर झालेला असतो. माझ्या ओळखीच्या दोन अतिशय कुशल संगोपिका केवळ या एका कारणाने आयुष्यभर सहायक पदावर राहिल्या.

नोकरीची वाट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिडी येते: मदतनीस, सहायक शिक्षिका, वर्गशिक्षिका, उपप्रमुख, केंद्रप्रमुख. या शिडीत एक मोठा दोष आहे. तिची प्रत्येक पायरी माणसाला मुलांपासून एक पाऊल दूर नेते. जी ताई तीन वर्षांच्या मुलांच्या भांडणात सर्वांत शहाणपणाने उतरते तिचा गौरव म्हणून आपण तिला कार्यालयात बसवतो, आणि मग वर्गाला तिची उणीव भासते व कार्यालयाला तिच्याकडे नसलेल्या कौशल्यांची. मी स्वतः या वाटेने गेले आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. परंतु ही एकमेव वाट असणे चुकीचे आहे.

दुसरी वाट शक्य आहे, हे इटलीतील रेज्जो एमिल्या या शहराने दाखवले. 1945 मध्ये युद्ध संपल्यावर त्या शहराजवळच्या विला चेल्ला या खेड्यातील लोकांनी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही मालमोटारी आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून स्वतःच्या हातांनी बालशाळा बांधली. लॉरिस मालागुत्सी हे तरुण शिक्षक तिथे पोहोचले, थांबले, आणि पुढे 1963 मध्ये नगरपालिकेची पहिली बालशाळा उभी राहिली. तिथल्या रचनेत एका वर्गाला समान दर्जाच्या दोन शिक्षिका असतात आणि त्या सामान्यतः त्याच मुलांसोबत तीन वर्षे राहतात. त्यांच्या जोडीला कलेची पार्श्वभूमी असलेली एक व्यक्ती असते, आणि काही शाळांमागे मिळून एक शैक्षणिक समन्वयक असते. ही समन्वयक शाळा तपासायला न येता शिक्षिकांसोबत मुलांच्या कामाच्या नोंदी वाचायला बसते. अनुभवी शिक्षिकेला वर जाण्यासाठी मुलांकडे पाठ फिरवावी लागू नये, यासाठी हे पद मला फार मोलाचे वाटते. लहान संस्थेला स्वतंत्र समन्वयक परवडत नाही हे खरे. पण तीन-चार केंद्रांनी मिळून एक व्यक्ती नेमणे, किंवा एखाद्या वर्गशिक्षिकेला आठवड्यातले दोन अर्धे दिवस नव्या शिक्षिकांच्या मार्गदर्शनासाठी आणि त्याबद्दल वेगळे वेतन देणे, हे मी प्रत्यक्षात होताना पाहिले आहे.

वर्गाबाहेरही वाटा आहेत. घरभेटी देऊन पालकांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्या, विकासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी लवकर मदत पोहोचवणारे तज्ज्ञ, रुग्णालयात दाखल असलेल्या मुलांना खेळातून धीर देणारे लोक, ग्रंथालयांचे बालविभाग, खेळसाहित्याची रचना, शिक्षकांचे प्रशिक्षण, धोरण आणि संशोधन, अशी ही यादी आणखी लांबवता येईल. यांपैकी एका वाटेबद्दल फारसे बोलले जात नाही: मूल्यमापन. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी बालवर्गाच्या वातावरणाचे मोजमाप करणारी एक श्रेणी 1980 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक बाबीला एक ते सात असे गुण देतात, आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आज अनेक देशांत वापरात आहेत. असे निरीक्षण शिकलेली शिक्षिका पुढे निरीक्षक झाली नाही तरी तिचा वर्ग बदलतो. मी ते शिकले तेव्हा माझ्याच वर्गात मुलांना आपणहून साहित्य घेता येत नाही, प्रत्येक वेळी त्यांना ते माझ्याकडे मागावे लागते, हे मला पहिल्यांदा दिसले.

आता व्यवहारज्ञानाकडे येते, कारण आमच्या प्रशिक्षणात हा भाग जवळजवळ नसतो आणि जो असतो तो विपणनाच्या दोन तासांच्या व्याख्यानावर संपतो. मला विचाराल तर जाहिरात सर्वांत शेवटी शिकावी. प्रथम शिकावी ती पटसंख्येची गणिते.

समजा, एका वर्गात 20 मुलांची जागा आहे, दर 10 मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती हवी असा नियम आहे, आणि वर्गाचा महिन्याचा सगळा खर्च 100 भाग आहे. एका मुलाच्या शुल्कातून सहा भाग येतात. मग 16 मुलांपर्यंत वर्ग तोट्यात आहे आणि सतराव्या मुलाला तो पायावर उभा राहतो. वीस मुले झाली की 20 भाग उरतात, आणि पालकांची प्रतीक्षायादी पाहून एकविसाव्या मुलाला प्रवेश देण्याचा मोह होतो. परंतु एकविसाव्या मुलाबरोबर तिसरी शिक्षिका यावी लागते. तिचे वेतन 25 भाग धरले तर ते मूल सहा भाग आणते आणि 25 भाग नेते. चोवीस मुले झाली तरी ही नवी पायरी स्वतःचा खर्च भरून काढत नाही. पंचविसाव्या मुलाला तो खर्च भरून निघतो. खर्च इथे उतारासारखा हळूहळू न चढता जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. ज्याला हा जिना दिसत नाही तो प्रमुख एकविसावे मूल घेतो, तिसरी शिक्षिका पुढच्या महिन्यात पाहू असे म्हणतो, आणि त्या एका महिन्यात दोन शिक्षिका इतक्या थकतात की त्यांच्यातली एक निघून जाते. मुलांची सुरक्षितता आणि शिक्षिकेचे टिकणे या दोन्ही गोष्टी अशा साध्या भागाकारात अडकलेल्या असतात.

बाळांच्या वर्गात तर हा भागाकार फारच कठोर होतो. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन बाळांमागे एक प्रौढ व्यक्ती लागते, आणि इतर अनेक देशांचे नियमही याच्या आसपास आहेत. तीन कुटुंबांच्या शुल्कातून एका व्यक्तीचे पूर्ण वेतन, शिवाय जागा आणि इतर खर्च निघणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून बहुतेक केंद्रांत बाळांचा वर्ग तोट्यात चालतो आणि चार-पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गातून तो तोटा भरला जातो. हे समजून उमजून केले तर त्यात गैर काही नाही. पण मोठी मुले एखाद्या वर्षी कमी झाली, शेजारी नवी शाळा उघडली, की पहिला धक्का बाळांच्या वर्गाला बसतो, आणि तो का बसला हे कोणालाच कळत नाही.

तसेच पाळ्यांचे. केंद्र दिवसाला 11 तास आणि आठवड्यातून पाच दिवस उघडे असेल तर एका जागेसाठी 55 तासांची उपस्थिती लागते. एक व्यक्ती आठवड्याला 40 तास काम करते. म्हणजे एक जागा भरायला एक माणूस पुरत नाही, जवळपास 1.4 माणसे लागतात. आणि त्यांच्या रजा, आजारपण, प्रशिक्षणाचे दिवस व मुलांच्या नोंदी लिहिण्याचा वेळ धरला तर हा आकडा दीडच्या पुढे जातो. जी अंदाजपत्रके एका जागेला एक माणूस धरून बनवलेली असतात त्यांत नोंदी लिहिण्याचे काम आपोआप घरी जाते, बदली शिक्षिका रोज नवी येते, आणि मूल संध्याकाळी ज्याच्या हातातून आईकडे जाते त्याला त्या मुलाची सकाळ कशी गेली हे माहीत नसते. मी आता कोणत्याही केंद्राचे नियोजन पाहायला गेले की प्रथम हाच आकडा विचारते.

पैसे आहेत आणि पैसे हातात आहेत, यांतला फरक मला एका चुकीतून शिकावा लागला. केंद्रप्रमुख म्हणून माझ्या पहिल्या वर्षी पुढच्या सत्राचे आगाऊ शुल्क जमा झाले आणि खात्यातली मोठी शिल्लक पाहून मी एका खोलीचे नूतनीकरण करून घेतले. ती रक्कम पुढच्या चार महिन्यांच्या वेतनासाठी होती. सुट्टीचा महिना आला, नवे शुल्क आले नाही, आणि सहकाऱ्यांची वेतने आठ दिवस उशिरा झाली. कोणी मला दोष दिला नाही, पण त्यांपैकी एकीला त्या महिन्यात घरभाड्यासाठी उसने पैसे घ्यावे लागले हे मला नंतर समजले. त्यानंतर मी आगाऊ आलेले शुल्क वेगळ्या खात्यात ठेवू लागले, दर आठवड्याला पुढच्या तीन महिन्यांच्या येण्याजाण्याचा तक्ता लिहू लागले, आणि किमान तीन महिन्यांच्या वेतनाइतका राखीव निधी साठेपर्यंत भिंतींना हात लावला नाही.

शुल्काविषयी पालकांशी बोलणे हेही एक कौशल्य आहे, आणि बहुतेक शिक्षिकांना त्याची लाज वाटते. मुलांवर प्रेम करणाऱ्याने पैशांविषयी बोलू नये, असा एक समज आमच्या अंगात भिनलेला असतो. मला वाटते, शुल्कवाढीच्या पत्रात त्यातला किती वाटा वेतनाला जातो, किती जागेला आणि किती साहित्याला, हे स्पष्ट लिहावे. मी असे पत्र पहिल्यांदा पाठवले तेव्हा मी विरोधाची तयारी ठेवली होती. प्रत्यक्षात पालकांचा पहिला प्रश्न असा आला की म्हणजे आमच्या मुलीची ताई पुढच्या वर्षी राहणार ना. सवलतींचे नियम मात्र लेखी आणि सर्वांना समान असावेत, आणि भावंडांना दिलेली प्रत्येक सवलत पटसंख्येच्या गणितात धरलेली असावी.

पैशांची बाजू आणि शिक्षणाची बाजू एकमेकींत किती गुंतलेल्या असतात, याचे सर्वांत सुंदर उदाहरण मला मारिया मॉन्टेसरी यांच्या पहिल्या बालगृहात दिसते. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ते सुरू झाले. तिथल्या इमारती एका गृहनिर्माण संस्थेने दुरुस्त केल्या होत्या. आईवडील कामावर गेल्यावर लहान मुले दिवसभर मोकळी फिरत आणि जिने, भिंती खराब करत. संस्थेच्या प्रमुखांना या नुकसानीवर उपाय हवा होता, आणि इमारतीतच एक खोली मुलांसाठी ठेवून त्यांची देखभाल करणे हा तो उपाय ठरला. दुरुस्तीवर जाणारा पैसा वाचणार होता आणि त्याच वाचलेल्या पैशांवर बालगृह चालणार होते. रहिवासी आपली घरे नीट ठेवून एक प्रकारे त्याचा खर्च स्वतःच भरत होते, असे मॉन्टेसरी यांनी मांडले. जगभर पसरलेल्या एका शिक्षणपद्धतीचा आरंभ इमारतीच्या देखभालखर्चाच्या हिशेबातून झाला. निधी मागायला जाताना मी हे उदाहरण नेहमी मनात ठेवते: समोरच्याचा कोणता खर्च आपल्या कामामुळे वाचतो, हे आधी शोधावे.

बालशिक्षणतज्ज्ञ तारा मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी या गावी काम सुरू केले तेव्हाही असाच एक व्यवहारी निर्णय घेतला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. जागेचा खर्च आणि मुलांची अनुपस्थिती हे दोन्ही प्रश्न एका निर्णयाने हलके झाले.

निधीच्याच संदर्भात एका आकड्याविषयी सावध करावेसे वाटते. बालशिक्षणात गुंतवलेल्या पैशावर समाजाला दरवर्षी सात ते दहा टक्के परतावा मिळतो, असे अनेक प्रस्तावांत लिहिलेले असते. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी यांनी हा अंदाज मांडला तो एका विशिष्ट प्रयोगावरून. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी 1962 ते 1967 या काळात झालेल्या पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्पात 123 मुले होती; त्यांपैकी 58 मुलांना कार्यक्रमात घेतले गेले आणि 65 मुलांना घेतले गेले नाही, आणि पुढे अनेक दशके दोन्ही गटांचा मागोवा घेतला गेला. परंतु त्या कार्यक्रमात काय होते हे प्रस्तावांत लिहिलेले नसते. दरवर्षी 20 ते 25 मुलांसाठी चार प्रशिक्षित शिक्षिका होत्या, त्यांना सरकारी शाळेतील शिक्षकांच्या पातळीवरचे वेतन होते, आणि त्या दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईसोबत बसत. हा परतावा त्या मनुष्यबळाचा आहे. तीस मुलांमागे एक अल्पवेतन मदतनीस नेमून तोच आकडा सांगणे अप्रामाणिक आहे, आणि असा प्रस्ताव सहीसाठी माझ्यासमोर आला तेव्हा मी तो परत पाठवला.

वाढीच्या मोहाविषयीही लिहायला हवे, कारण चांगले चाललेले एक केंद्र पाहून दुसरे, तिसरे उघडावे असे प्रत्येकाला वाटते. ऑस्ट्रेलियात 1988 मध्ये सुरू झालेली एबीसी लर्निंग ही बालसंगोपन केंद्रे चालवणारी कंपनी शेअर बाजारात गेली, कर्जे काढून केंद्रे विकत घेत गेली आणि त्या देशात तिची एक हजाराहून अधिक केंद्रे झाली. नोव्हेंबर 2008 मध्ये ती कोसळली. केंद्रे एका रात्रीत बंद झाली असती तर हजारो पालकांना कामावर जाता आले नसते, म्हणून सरकारला ती चालू ठेवण्यासाठी पैसे घालावे लागले. नंतर त्यांपैकी सुमारे 650 केंद्रे काही सेवाभावी संस्थांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या गुडस्टार्ट या ना-नफा संस्थेने घेतली. इतर धंद्यांत दुकान बंद पडले तर ग्राहक शेजारच्या दुकानात जातो. इथे दोन वर्षांच्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून कोणावर तरी विश्वास ठेवायला शिकावे लागते. म्हणून दुसरे केंद्र उघडण्याआधी मी एकच कसोटी लावते: पहिल्या केंद्रात मी तीन महिने गेले नाही तरी तिथल्या मुलांचा दिवस तसाच जाईल का. माझ्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सहा वर्षे नाही असे होते, आणि मी सहा वर्षे थांबले.

माणसे निवडण्याबाबत एक छोटी गोष्ट सांगते. मुलाखतीपेक्षा एक सकाळ वर्गात काढायला लावणे कितीतरी उपयोगाचे ठरते, अर्थात त्या सकाळचे मानधन देऊन. उमेदवार मुलाशी बोलताना खाली बसते का, मुलाने उत्तर देईपर्यंत थांबते का, रडणाऱ्या बाळाला उचलण्याआधी त्याला तसे सांगते का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. आणि उमेदवारानेही संस्थेला प्रश्न विचारावेत: इथे शिक्षिका सरासरी किती वर्षे राहतात, नोंदी लिहिण्याचा वेळ पगारी आहे का, पाच वर्षांनी मी वर्गातच राहिले तर माझे वेतन काय असेल. शेवटच्या प्रश्नावर समोरची व्यक्ती गोंधळली तर पुढच्या वाटेविषयी त्या संस्थेने विचार केलेला नाही असे समजावे.

आमच्या केंद्रात आता वर्गशिक्षिकेसाठी तीन वेतनश्रेणी आहेत आणि तिसरीचे वेतन उपप्रमुखाच्या बरोबरीचे आहे. ती श्रेणी मिळवणारी व्यक्ती वर्गातच राहते, दोन नव्या शिक्षिकांना शिकवते, आणि सोडून जायचे असेल तर सत्राच्या शेवटी जाते व नव्या ताईसोबत दोन आठवडे एकत्र काम करून मुलांची ओळख करून देते. हे शक्य व्हावे म्हणून आम्ही एक रिकामी राहणारी दुपारची तुकडी बंद केली आणि प्रत्येक वर्गात 18 मुलांची पटसंख्या टिकवण्यावर लक्ष दिले. गेल्या सत्रात एक ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या शेवटच्या दोन आठवड्यांत नवी ताई रोज त्यांच्या शेजारी बसत होती. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी एका मुलीने जुन्या ताईंची खुर्ची रिकामी पाहिली, क्षणभर थांबली, आणि नव्या ताईचा हात धरून तिला त्या खुर्चीत बसवले.